चव बघितल्याशिवाय

बाईंनी शाळेतला संगणक पहिल्यांदा उघडला तेव्हा त्याचा वास घेतला. उगाच म्हणत नाही, खरोखर घेतला. बाजूचं पत्र्याचं झाकण काढलं, पदर कमरेला खोचला, वाकून आत नाक घातलं आणि म्हणाल्या, "करपलेलं न्हाई. धूळ हाय नुसती." मी शेजारी उभा होतो. शाळेचा संगणक-प्रमुख मी. बी.एस्सी. गणित, बी.एड., वर संगणकाचा सहा महिन्यांचा कोर्स, आणि त्याचं सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेतलेलं. मला हसू आलं आणि मी ते दाबलंही नाही.

आमची शाळा मुलींची, शिवाजी पेठेतली. एका अंगाला तालीम, दुसऱ्या अंगाला सायकल-दुरुस्तीचं दुकान, आणि पेठेच्या संघाची फुटबॉलची मॅच असली की दुपारच्या सत्रात निम्मे बाक रिकामे. त्या शाळेत बाई कितीतरी वर्षं गृहविज्ञान शिकवत होत्या. मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांच्या निवृत्तीला तीन-चार वर्षं उरली होती. ठेंगणी मूर्ती, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि आवाज असा की त्या वरच्या मजल्यावर कणीक मळायला शिकवत असल्या तर खाली माझ्या वर्गालाही ती मळता यावी. माझ्या प्रमेयापेक्षा मुलींना ती कणीकच जास्त समजायची, हा भाग वेगळा. माहेर कागलकडचं, शेतकऱ्याघरचं. आमच्याकडच्या बायका बोलतात तशा त्या 'मी आलो', 'मी करतो' असंच बोलत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांना ते खटकलं आणि त्यांनी तसं सुचवलं. बाईंनी त्यांच्यापुढं थालीपीठ ठेवलं आणि सांगितलं की मी काय करतो ते बघा, कसं बोलतो ते ऱ्हाऊ द्या. साहेबांनी दोन थालीपिठं खाल्ली आणि शेरा चांगला दिला.

त्यांच्या पर्समध्ये कायम एक स्टीलचा चमचा असे, रुमालात गुंडाळलेला. शिक्षकखोलीत कुणाचाही डबा उघडला की चमचा बाहेर यायचा. परवानगी वगैरे नाही. भाजी एवढीशी जिभेवर ठेवायच्या, डोळे मिटायच्या आणि निकाल द्यायच्या. पण चव घेतल्याशिवाय कशालाच चांगलं किंवा वाईट म्हणायच्या नाहीत, आणि हा नियम त्यांनी भाजीपुरता ठेवला नव्हता. कुणी म्हणालं की अमक्या डॉक्टरच्या हाताला गुण नाही, तमकीची सून तिखट आहे, तर बाई विचारायच्या, "तुम्ही चव बघितलासा?" बघितली नसेल तर विषय बंद. या एका प्रश्नानं आमच्या शिक्षकखोलीतलं निम्मं मनोरंजन मारलं होतं.

मुलींची जर्नलं त्या लाल पेनानं तपासायच्या आणि शेरे मारायच्या. 'मीठ विसरलीस. पुन्हा कर.' 'हे तू केलेलं नाहीस, आईनं केलं आहे. पुन्हा कर.' दहापैकी गुण. जर्नल उशिरा आलं की तीन गुण कापायचे, मग आत कितीही चांगलं लिहिलेलं असो. शाळा समितीच्या अध्यक्षांची नात आमच्याकडेच होती. तिचेही तीन कापले. अध्यक्ष स्वतः विचारायला आले, तर बाईंनी शांतपणे सांगितलं की पोरीची पुरणपोळी दहाचीच होती, पण सोमवारची पुरणपोळी बुधवारी आली. साखर कारखान्याच्या निवडणुकीत ज्यांना कुणी गप्प करू शकलं नव्हतं, ते अध्यक्ष आमच्या जिन्यावरून गप्प उतरून गेले.

आणखी एक. आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालून देतात. बाईंच्या लेखी हा नियम सगळ्या वस्तूंना लागू होता. त्यांनी माझ्याकडून पंक्चर काढायचं सामान नेलं, ते परत आलं तेव्हा त्याच पिशवीत जवसाची चटणी होती. हेडसरांची छत्री नेली, ती परत आली तेव्हा उघडताना हेडसरांच्या डोक्यावर चार लिंबं पडली. आम्ही हसायचो. पण वस्तू मागायला आल्या की कुणीही नाही म्हणत नसे.

मी लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी गृहविज्ञान बंद झालं. मुली कमी, विषय जुनाट, आणि वरच्या मजल्यावरची ती ओट्यांची खोली संस्थेला हवी होती. एका दुपारी भंगारवाला आला आणि शेगड्या, तवे, कढया, पाट्यावरवंट्यासकट सगळं टेम्पोत घालून घेऊन गेला. बाई जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. जिचा आवाज तीन वर्गांत ऐकू जायचा ती बाई त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, चला, निवृत्ती जवळ आली, माणूस मऊ होतो. पुढं त्यांना कार्यानुभव आणि ऑफ तासांवर देखरेख अशी फुटकळ कामं मिळाली.

आता माझ्याकडे येतो. खाली कोपऱ्यात संगणकखोली होती. दहा संगणक, कुणीतरी देणगी दिलेले, तेव्हाच जुने. ते एकेक करून सुरू व्हायचे थांबत होते. किल्ली माझ्याकडे, त्यामुळे माउस तुटला तरी मी, दिवे चालू राहिले तरी मी. त्या वर्षी संस्थेला पाहुण्यांसाठी आणि बैठकांसाठी एक खोली हवी होती, आणि हेडसरांनी मला बोलावून सांगितलं, तुम्ही टेक्निकल माणूस, एक कागद लिहून द्या. माझ्या कायम नेमणुकीची फाइल तेव्हा संस्थेच्या टेबलावर होती. हेडसर तिचं नाव काढत नव्हते, पण ते तिच्यावर हात ठेवूनच बोलत होते.

मी कागद लिहून दिला. 'दहाही संगणक तपासले असता पूर्णतः निकामी व दुरुस्तीपलीकडे आढळले.' खाली माझं नाव आणि हुद्दा. हे मी आज सरळ सांगतो, कारण तेव्हा ते फक्त हेडसरांना आणि मला माहीत होतं. आणि एक गोष्ट तर हेडसरांनाही माहीत नव्हती. तो अहवाल मी त्याच खोलीत बसून, त्या दहांतल्या चौथ्या नंबरच्या संगणकावर टाइप केला होता. तो चालू होता. बाकीचे मी तपासलेसुद्धा नव्हते.

शिक्षकांच्या सभेत हेडसरांनी भंगाराचा विषय काढला तेव्हा बाई उठून उभ्या राहिल्या. चव कुणी बघितली, हा प्रश्न आलाच. हेडसर म्हणाले, तज्ज्ञांचा अहवाल आहे. मी छताच्या पंख्याकडे बघत होतो. बाई म्हणाल्या, "सर, गेल्या साली माझी खोली गेली तवा मी गप बसलो. ती माझी चूक. ह्या पेठेतल्या पोरींच्या घरात कॉम्प्युटर न्हाई, असला तर त्यावर भाऊ बसतोय. त्यास्नी ही एकच खोली हाय. मला पंधरा दिवस द्या. न्हाई चालले तर मीच टेम्पोत घालून देतो." पुढच्या शनिवारच्या पुढच्या शनिवारी समितीची बैठक होती. हेडसरांनी हसून परवानगी दिली. गृहविज्ञानाची बाई पंधरा दिवसांत काय करणार, असं त्यांना वाटलं. मलाही वाटलं, आणि मनातून जरा बरंही वाटलं.

त्याच दिवशी बाईंनी वास घेतला. मग मला विचारलं की ह्याच्यात आधी काय होतं. मी सांगितलं, बाजारात मिळते ती सिस्टिम, पण विकत घेतलेली नाही, ज्यानं मशीन जोडली त्यानंच कुठूनतरी कॉपी टाकली होती. बाई थांबल्या. म्हणजे चोरीची, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सगळेच करतात. त्या म्हणाल्या की ह्याच खोलीत तुम्ही मूल्यशिक्षणाचा तास घेता न्हवं. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मूल्यशिक्षणात बसणारं नव्हतं.

बाईंची एक जुनी विद्यार्थिनी इचलकरंजीत दिलेली. ती एका यंत्रमाग कारखान्याच्या ऑफिसात कापडाची डिझाइनं करायची. तिनं फोनवर सांगितलं की लिनक्स नावाची सिस्टिम आहे, फुकट आहे, कुणीही घ्यावी, कुणालाही द्यावी, कायद्यानं. बाईंना फुकट या शब्दाचाच संशय. काय खोट आहे, कोण देतंय, त्याला काय मिळतं, असं त्यांनी अर्धा तास तिला पिडलं. ती सांगत राहिली की जगभरची माणसं मिळून बनवतात, कुणी सुधारणा केली की तीही वाटतात. शेवटी बाईंचा चेहरा उजळला. फोन ठेवून मला म्हणाल्या, "सर, हे विरजण हाय. विरजण कुणी विकत घेतंय व्हय? शेजारणीकडनं चमचाभर आणायचं, आपलं दही लावायचं, उद्या तिचं संपलं तर आपण द्यायचं. तिला काय मिळतं विचारत न्हाईत." त्यानंतर त्यांनी कधीच खोट शोधली नाही.

शाळेचं इंटरनेट म्हणजे नावाला. म्हणून बाई पेन ड्राइव्ह विकत घेऊन एसटीनं इचलकरंजीला गेल्या आणि तो भरून आणला. आणला तो चपातीच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून. कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं होतं, 'साहित्य: पेन ड्राइव्ह एक, संगणक एक, धीर भरपूर. कृती:' आणि पुढं पायऱ्या. आम्ही पेन ड्राइव्ह पहिल्या संगणकाला लावला, बटण दाबलं. काळा पडदा आणि त्यावर एक ओळ, की सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही. दुसऱ्याला लावला, तेच. मी म्हटलं, मी सांगत होतो. खरं तर मी काहीच सांगितलं नव्हतं, पण अशा वेळी ते वाक्य आपोआप येतं.

चूक काय झाली ते फोनवर कळलं. इचलकरंजीच्या त्या मुलीनं फाइल उतरवून नुसती पेन ड्राइव्हवर ठेवली होती, गाणं ठेवावं तशी. ती एका वेगळ्या प्रोग्रॅमनं त्यावर लिहावी लागते. दोघींच्याही हे डोक्यात आलं नव्हतं. बाईंनी कपाळाला हात लावला नाही, मला दोष दिला नाही, वही उघडून पहिल्या कृतीवर लाल काट मारली आणि खाली लिहिलं, 'पीठ डब्यात भरले म्हणजे भाकरी होत नाही. पुन्हा करणे.' मग मला विचारलं, शाळेत एखादा तरी चालू संगणक असेल का, इथंच लिहून घेऊ, परत इचलकरंजी नको. ऑफिसातला संगणक हेडसर देणार नव्हते. माझ्यापासून चार पावलांवर चौथा नंबर होता. मी म्हणालो, नाही. दुसऱ्या दिवशी त्या रजा टाकून पुन्हा एसटीत बसल्या. भर उन्हाळ्याचे दिवस, आणि स्टँडवर त्यांना सोडायला मी माझी मोटरसायकल काढली, हा माझा तेव्हाचा मोठेपणा.

या खेपेला त्या मुलीनं संगणकांचं वय विचारलं. ते ऐकून तिनं नेहमीची भरगच्च सिस्टिम बाजूला ठेवली आणि जुन्या मशीनसाठीची हलकी दिली. बाईंना ते फार पटलं. आजाऱ्याला पुरणपोळी घालत नाहीत, पेज देतात, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. मी मान हलवली. एव्हाना माझं लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट मला फारसं आठवत नव्हतं.

संगणक सुरू होताना वरच्या रांगेतली एक कळ बरोबर त्या क्षणी दाबावी लागते, तरच तो पेन ड्राइव्हकडे बघतो. माझं तीनदा चुकलं. एकदा लवकर, दोनदा उशिरा. बाईंनी मला बाजूला केलं. डोळे पडद्यावर, बोट कळीवर, तेलात मोहरी टाकण्याआधी थांबतात तशा थांबल्या आणि दाबली. पडद्यावर रंग आला, मग चौकोन, मग मराठीतसुद्धा अक्षरं. आणि त्यात एक पर्याय होता, आधी न बसवता चालवून बघा. बाई खुर्चीत बसल्या. इतका वेळ त्या उभ्याच होत्या. पर्समधून चमचा काढून त्यांनी टेबलावर ठेवला, कशासाठी कोण जाणे, आणि म्हणाल्या, "सर, हे चव घ्या म्हणतंय. आधी चव घ्या, मग ठरवा. असली माणसं खोटी नसतात." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तेव्हा पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटणं आणि तोंड उघडणं यात अंतर असतं, आणि ते मी काही त्या दिवशी चाललो नाही.

बसवायला घेतलं तर त्यानं विचारलं, या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का. मी 'हो'कडे बोट नेलं. बाईंनी मनगट धरलं. भांडं घासायच्या आधी आत काय उरलंय ते काढून घ्यायचं असतं म्हणाल्या. पेन ड्राइव्हवरूनच सिस्टिम चालवून त्यांनी जुन्या फाइली उघडून बघितल्या. मुलींनी काढलेल्या रांगोळ्या होत्या, सहलीचे फोटो होते, 'माझी आई' हा निबंध चार मुलींच्या नावावर होता आणि चौघींच्या आईला एकच खोड होती. हे सगळं ठेवायला त्यांनी माझा पेन ड्राइव्ह मागितला. मी रिकामा करून दिला. पहिला संगणक झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला दोन दिवस लागले, कारण त्याची एक केबल ढिली होती आणि ती बाईंनाच सापडली. प्रत्येकाची कृती वहीत, कुठं किती वेळ लागला त्याच्यासकट. नववीच्या मुली दारात गर्दी करायला लागल्या होत्या. समितीची बैठक पाच दिवसांवर आली.

मंगळवारी चौथ्या नंबरची पाळी आली तेव्हा मी तिथंच होतो. मी आधी येऊन काहीतरी करायला हवं होतं, फाइल पुसायला हवी होती, पण त्या पंधरा दिवसांपुरती किल्ली बाईंनी मागून घेतली होती आणि सकाळी त्या माझ्या आधी येऊन बसायच्या. त्यांनी बटण दाबलं. कळ दाबायच्या आतच संगणक सुरू झाला, जुन्याच सिस्टिममध्ये, धडधाकट. निळा पडदा, आणि त्यावर मधोमध एकच फाइल, 'संगणक अहवाल'.

बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाल्या, "सर, हा चालतोय की."

मी म्हणालो, "कधी कधी चालतो."

तेवढ्यात तासाची घंटा झाली. मला आठवीवर जायचं होतं. इतक्या आनंदानं मी आठवीवर कधीच गेलो नव्हतो आणि इतकं वाईट शिकवलंही नव्हतं. परत आलो तर चौथ्या नंबरवर नवी सिस्टिम होती, पडदा कोरा. बाई पाचव्याचं झाकण काढत होत्या. चौथ्यात ठेवण्यासारखं काही होतं का, असं मी शक्य तितक्या सहज विचारलं. थोडं होतं, म्हणाल्या, घेतलंय काढून. मला वाटलं, रांगोळ्याच असणार. माणसाला जे वाटायला हवं असतं तेच वाटतं.

सहापासून दहापर्यंतचे संगणक त्यांनी नववीच्या मुलींकडून बसवून घेतले. वही मधे उघडी, एक मुलगी वाचायची, एक करायची, एक घड्याळ बघायची. सरांनी हात लावायचा नाही, असा हुकूम होता. शुक्रवारी दुपारी दहाव्यावर रंग आला तेव्हा मुलींनी टाळ्या वाजवल्या, आणि बाई मात्र लगेच फरशी पुसायला फडकं शोधू लागल्या. उद्या माणसं येणार, खोली चकाचक हवी.

शनिवारी समिती आली. दहा संगणकांवर दहा मुली. कुणी रांगोळी काढतेय, कुणी मराठीत पत्र लिहितेय. अध्यक्ष नातीच्या मागं बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी या सिस्टिमचं किती झालं ते विचारलं. बाई म्हणाल्या, "साहेब, विरजणाचं कोण पैसे मागतंय? ही पोर तुमच्या घरीपण लावून दिल." अध्यक्ष हसले. मग वळून म्हणाले, मग हे निकामी आहेत असं सांगितलं कुणी. हेडसर खोकले आणि त्यांची नजर माझ्याकडे वळायला लागली. पण बाई मधेच बोलल्या. "झालं गेलं, साहेब. खोली ठेवताय न्हवं पोरींस्नी? तेवढं आज बोला." अध्यक्षांनी ठेवली म्हणून सांगितलं. अहवालाचा विषय तिथंच राहिला.

सगळे गेल्यावर बाईंनी मला एक छोटा डबा दिला. आत शेंगदाण्याचे दोन लाडू आणि माझा पेन ड्राइव्ह. रिकामं देत न्हाईत सर, म्हणाल्या, आणि निघून गेल्या.

घरी आल्यावर लाडू खात खात मी पेन ड्राइव्ह लावला. त्यावर ती सिस्टिम होती, मुलींच्या रांगोळ्या होत्या, सहल होती, चार आया होत्या. आणि 'संगणक अहवाल' होता. मी उघडला. माझाच मजकूर, एक काना इकडचा तिकडं नाही. 'दहाही संगणक तपासले असता'. माझं नाव, माझा हुद्दा. आणि त्याच्या खाली, लाल अक्षरांत, एका बोटानं टाइप केलेलं, 'चव न बघता लिहिले आहे. पुन्हा लिहा.'

हातातला लाडू तसाच राहिला. मंगळवारपासून त्यांना माहीत होतं. इचलकरंजीची ती दुसरी खेप कुणामुळे झाली, तेही त्या दिवशी त्यांना कळलं असणार. तरी चार दिवस त्या माझ्याबरोबर चहा प्यायल्या, आणि सकाळी अध्यक्षांसमोर मधे उभ्या राहिल्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

पुन्हा लिहायला मला तीन आठवडे लागले. मजकूर चार ओळींचा, पण फाइल अजून संस्थेच्या टेबलावर होती ना. रोज शाळेत जायचो, बाई रोज नेहमीसारख्या बोलायच्या, माझ्या डब्यात चमचा घालायच्या, मीठ कमी आहे म्हणायच्या. त्या विषयाचं अवाक्षर नाही. शेवटी एका रविवारी बसलो आणि लिहिलं. दहापैकी चौथा संगणक पूर्वीचा अहवाल लिहिताना चालू होता. इतर नऊ मी तपासले नव्हते. पूर्वीचा अहवाल चुकीचा होता व त्याची जबाबदारी माझी आहे. सोमवारी हेडसरांना नेऊन दिला. ते म्हणाले, आता कशाला उकरताय, खोली वाचली ना. मी म्हटलं, फाइलला लावा. त्यांनी माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं आणि लावला. माझी नेमणूक पुढं वर्षभर रखडली. झाली एकदाची.

बाई आता वारणानगरला मुलाकडे असतात. तो तिथं डेअरीत आहे. कॉलनीतल्या कुणाच्या घरी जुना संगणक असल्याचा सुगावा लागला की चमचा आणि पेन ड्राइव्ह घेऊन दारात हजर होतात, असं त्यांची सून सांगते. मला महिन्यातून एकदा फोन येतो, सातव्या नंबरचा पंखा आवाज करतो का विचारायला. खोलीची किल्ली अजून माझ्याकडेच आहे, आणि कुणी सिस्टिम मागायला आलं की मी पेन ड्राइव्ह रिकामा परत करत नाही.

त्या सोमवारी नव्या अहवालाची एक प्रत मी बाईंनाही दिली होती. त्या शिक्षकखोलीत खिडकीशी बसल्या होत्या. चष्मा लावला, सावकाश वाचली, पुन्हा वरून वाचली. मी समोर उभा होतो, हात मागं बांधून, जर्नल घेऊन आलेल्या नववीतल्या पोरीसारखा. बाईंनी पर्समधून लाल पेन काढलं, कागदाच्या खाली काहीतरी लिहिलं, सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

दहापैकी सात. तीन कशाचे कापले ते मला विचारावं लागलं नाही.